टेस्टवर वेगळी, प्रॉडक्शनवर वेगळी: एकच स्टोअर्ड प्रोसिजर दोन्हीकडे बिनधास्त कशी चालवायची

समजा एक स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेला, नावाने चालवता येणारा कोड) आहे, रोज रात्री चालते, ज्यांचं बिल थकलंय अशा ग्राहकांची यादी काढते आणि प्रत्येकाला आठवणीचा मेल पाठवते. प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या कामाच्या सर्व्हरवर, हे ठीकच आहे. पण टेस्टच्या डेटाबेसमध्ये प्रॉडक्शनचाच बॅकअप रिस्टोअर केलेला असतो (बहुतेक ठिकाणी असतोच), आणि कोणी ती प्रोसिजर सहज तपासायला म्हणून चालवली की खऱ्या माणसांना मेल जातात, ज्यांनी कालच पैसे भरले त्यांनाही जातात कारण टेस्टचा डेटा महिन्याभरापूर्वीचा असतो. मग नवीन डेव्हलपर विचारतो, की प्रोसिजरला कसं कळणार ती कुठे चालतेय, आणि टेस्टवर तिने वेगळं कसं वागायचं?

हे कसं करायचं ते पायरी पायरीने सांगतो. उदाहरणं मुख्यतः एसक्यूएल सर्व्हरची आहेत, पोस्टग्रेस, ओरॅकल आणि मायएसक्यूएलबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

आधी हे ठरवा: वेगळं नक्की काय असायला हवं?

कोडला हात लावायच्या आधी प्रोसिजर वाचा आणि ती डेटाबेसच्या बाहेर कुठे कुठे हात घालते ते लिहून काढा. मेल पाठवते का, दुसऱ्या सर्व्हरवर लिहिते का, फाइल टाकते का, पेमेंटसाठी कोणाला हाक मारते का. साधारण इतकंच निघतं. बाकी सगळं, म्हणजे थकबाकी कशी मोजली, कोणाला वगळलं, व्याज कसं लावलं, हे दोन्हीकडे अगदी सारखंच असलं पाहिजे, तिथे एन्व्हायर्नमेंटचा (म्हणजे टेस्ट की प्रॉडक्शन याचा) संबंधच येता कामा नये. कारण टेस्ट करायचंय ते हेच गणित, आणि तेच टेस्टवर वेगळं चाललं तर मग आपण तपासलं काय?

आणखी एक गोष्ट याच यादीत येते ती म्हणजे आजची तारीख. बरेच जण टेस्टसाठी म्हणून प्रोसिजरमध्ये "टेस्ट असेल तर ही तारीख धर" असा इफ घालतात. गरज नाही. तारखेचा एक पॅरामीटर द्या, त्याची डिफॉल्ट किंमत नल (किंमतच नाही) ठेवा आणि नल आला तर गेटडेट (आत्ताची तारीख देणारं फंक्शन) वापरा, म्हणजे रात्रीचा जॉब काहीच पाठवत नाही आणि टेस्ट करणारा हवी ती तारीख देतो. एन्व्हायर्नमेंट ओळखायचा प्रश्नच मिटला. पॅरामीटरने काम भागत असेल तर कायम पॅरामीटरच वापरा.

सर्व्हरच्या नावावर इफ: सगळ्यांना पहिल्यांदा सुचतो तो उपाय

@@सर्व्हरनेम वाचायचं, ते टेस्ट सर्व्हरचं नाव असेल तर मेल नको, नाहीतर पाठव. लिहायला दोन मिनिटं लागतात आणि चालतंही, काही दिवस. अडचणी नंतर येतात. मशीनचं नाव बदललं तरी @@सर्व्हरनेम जुनंच नाव दाखवत राहतं, एसपी_ड्रॉपसर्व्हर आणि एसपी_ॲडसर्व्हर चालवून सर्व्हिस रिस्टार्ट केल्याशिवाय ते बदलत नाही. सर्व्हरप्रॉपर्टी फंक्शनला सर्व्हरनेम विचारलं तर नवीन नाव मिळतं. म्हणून नाव विचारायचंच असेल तर सर्व्हरप्रॉपर्टीला विचारा. पण त्याहून मोठी अडचण अशी की उद्या दुसरा टेस्ट सर्व्हर आला, ट्रेनिंगसाठी तिसरा आला, की चाळीस प्रोसिजर उघडून प्रत्येकीत नाव घालत बसायचं, आणि एक जरी राहिली तरी ती स्वतःला प्रॉडक्शन समजणार, कारण "नाहीतर पाठव" असंच तर लिहिलंय.

नलचा सापळा, इथे जरा थांबा

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि नवीन लोकांना हा कोणी सांगत नाही.

समजा तुम्ही एन्व्हायर्नमेंटचं नाव टेबलमध्ये ठेवलं आणि व्हेरिएबलमध्ये वाचलं. आता टेबल रिकामं आहे, कोणीतरी ओळ टाकायला विसरलं, तर व्हेरिएबलमध्ये नल आहे. तुमचा इफ असा आहे की "व्हेरिएबल बरोबर टेस्ट असेल तर मेल थांबव, एल्स पाठव". नलची तुलना कशाशीही केली तरी उत्तर ट्रू येत नाही, ते अननोन येतं, आणि इफमध्ये अननोन म्हणजे एल्सकडे. म्हणजे माहितीच नाही की आपण कुठे आहोत, आणि तरी मेल गेले! काही जण हुशारी करून "प्रॉड नसेल तर थांबव" असं नॉट इक्वलने लिहितात, त्यांना वाटतं आता सुटलो, पण नल आणि प्रॉड यांची नॉट इक्वलने तुलना केली तरी अननोनच येतं आणि गाडी पुन्हा एल्समध्येच.

म्हणून अट नेहमी उलट्या बाजूने लिहायची. "स्पष्टपणे प्रॉड असेल तरच खरं काम कर, बाकी काहीही असो, सुरक्षित रस्ता घे." मग नल आला, स्पेलिंग चुकलं, केस सेन्सिटिव्ह कोलेशनवर (जिथे लहान-मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी धरली जातात) कोणी लहान अक्षरात लिहिलं, काहीही झालं तरी एल्स सुरक्षित बाजूलाच आहे.

याच्याच जोडीला अजून एक. व्हेरिएबल भरायला सिलेक्ट वापरलं आणि ओळच सापडली नाही तर व्हेरिएबलमध्ये आधीची किंमत तशीच राहते, नल होत नाही. दोन ओळी सापडल्या तर गुपचूप त्यातली एक बसते. सेट वापरून कंसात सबक्वेरी दिली तर ओळ नसताना नल येतो आणि दोन ओळी असतील तर सरळ एरर येते. आपल्याला इथे एररच हवी आहे, म्हणून सेट वापरा.

सेटिंग ठेवायची कुठे

बहुतेक लोक डेटाबेसमध्येच एक कॉन्फिग टेबल करतात, त्यात "एन्व्हायर्नमेंट: प्रॉड" अशी ओळ. आता रविवारी प्रॉडचा बॅकअप टेस्टवर रिस्टोअर झाला की ते टेबलही सोबत आलं, त्यातली ओळही आली, आणि सोमवारी सकाळी टेस्ट सर्व्हर मनापासून समजतोय की मी प्रॉडक्शन आहे. एक्स्टेंडेड प्रॉपर्टीमध्ये (डेटाबेसला जोडलेल्या टिपेत) लिहिलं तरी तेच, ती पण डेटाबेससोबत प्रवास करते. म्हणजे जी गोष्ट बॅकअपसोबत फिरते तिला "मी कुठे आहे" हे विचारून उपयोग नाही. उत्तर अशा जागी हवं जी सर्व्हरसोबतच राहते.

माझी पसंती अशी: प्रत्येक सर्व्हरवर एक छोटा वेगळा डेटाबेस करा, नाव सगळीकडे सारखं, समजा सर्व्हरसेटिंग. त्यात एकच टेबल, आणि हा डेटाबेस कधीही एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर रिस्टोअर करायचा नाही. टेबलमध्ये एकच ओळ राहावी म्हणून आयडी कॉलम प्रायमरी की करा आणि त्यावर चेक कन्स्ट्रेंट (किंमत तपासणारी अट) लावा की आयडीची किंमत १ च असली पाहिजे, मग दुसरी ओळ जातच नाही. लिहायची परवानगी फक्त डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला), बाकीच्यांना फक्त सिलेक्ट. इथे नवीन माणूस एका ठिकाणी हमखास अडकतो: प्रोसिजर एका डेटाबेसमध्ये आणि टेबल दुसऱ्यात, त्यामुळे जो लॉगिन प्रोसिजर चालवतो त्याचा युजर सर्व्हरसेटिंगमध्येही हवा, नाहीतर परवानगीची एरर येते. आणि सर्व्हर बदलला की टेस्टचा लॉगिन वेगळा असतो हेही लक्षात ठेवा.

टेस्ट आणि प्रॉड एकाच इन्स्टन्सवर (एकाच चालू एसक्यूएल सर्व्हरवर) दोन डेटाबेस म्हणून असतील तर (असं नसावं, पण असतं) एकच ओळ पुरणार नाही, मग डीबी_नेम फंक्शनने मिळणारं डेटाबेसचं नाव की म्हणून घ्या आणि प्रत्येक डेटाबेसची वेगळी ओळ ठेवा. अव्हेलेबिलिटी ग्रुप (एकाच डेटाबेसच्या जुळत्या प्रती अनेक सर्व्हरवर ठेवायची सोय) असेल तर सर्व्हरसेटिंग ग्रुपमध्ये घालू नका, प्रत्येक रेप्लिकावर, म्हणजे प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवर, वेगळा ठेवा आणि सगळ्या रेप्लिकांवर ओळ भरा, नाहीतर फेलओव्हर झाला (काम दुसऱ्या रेप्लिकाकडे गेलं) त्या रात्री मेल बंद.

ॲझ्युअर एसक्यूएल डेटाबेसवर हा मार्ग चालत नाही कारण तिथे तीन भागांचं नाव (डेटाबेस, स्कीमा, टेबल) वापरून दुसऱ्या डेटाबेसमधलं टेबल वाचता येत नाही. तिथे टेबल आतच ठेवावं लागतं, पण मग ओळीत दोन जास्तीचे कॉलम ठेवा, सर्व्हरचं नाव आणि डेटाबेसचं नाव, आणि वाचायला एक व्ह्यू करा जो फक्त तेव्हाच ओळ दाखवतो जेव्हा ही दोन्ही नावं आत्ताच्या खऱ्या नावांशी जुळतात. कॉपी दुसऱ्या सर्व्हरवर किंवा दुसऱ्या नावाने झाली की ओळ जुळत नाही, व्ह्यू रिकामा, व्हेरिएबल नल, आणि आपली अट उलट्या बाजूने लिहिलेली असल्यामुळे सुरक्षित रस्ता. दोन पायऱ्या अशा एकमेकींना धरून आहेत, एक केली आणि दुसरी सोडली तर उपयोग नाही.

टेबलमध्ये एन्व्हायर्नमेंटचं नाव नको, वागणूक लिहा

"टेस्ट" किंवा "प्रॉड" असा एकच कॉलम ठेवला की प्रत्येक प्रोसिजर त्याचा आपापला अर्थ लावते. त्याऐवजी कॉलम असे ठेवा: मेल खऱ्या पत्त्यावर पाठवायचा का, नसेल तर कुठे वळवायचा, पेमेंटची हाक खरी का खोटी. उद्या यूएटी (वापरणाऱ्यांनी तपासायचा सर्व्हर) आलं, तिथे मेल वळवलेले हवेत पण बाकी सगळं खऱ्यासारखं, तर नुसती ओळ भरायची, कोडला हात नाही. एन्व्हायर्नमेंटचं नाव हवं तर माहितीपुरतं ठेवा, लॉगमध्ये लिहायला बरं पडतं.

निर्णय एकाच जागी

चाळीस प्रोसिजर मेल पाठवत असतील तर चाळीस इफ नकोत. मेल पाठवणारी एकच प्रोसिजर लिहा, बाकी सगळ्या तिलाच हाक मारतील, आणि एसपी_सेंड_डीबीमेल (मेल पाठवणारी एसक्यूएल सर्व्हरची तयार प्रोसिजर) फक्त तिच्या आतूनच चालेल. ती सुरुवातीला सेटिंग वाचते. ओळच नसेल तर थ्रो करून, म्हणजे एरर देऊन, थांबते (थ्रो एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून आहे, जुन्यावर रेझएरर), कारण गप्प राहून मेल न पाठवणं हेही वाईटच, प्रॉडवर महिनाभर कोणाला आठवणच गेली नाही आणि कळलंही नाही असं होऊ शकतं. एरर आली की जॉब फेल होतो आणि माणसं बघतात. ओळ आहे आणि खरा मेल चालू आहे तर पाठवते. ओळ आहे पण बंद आहे तर मेल टेस्टच्या पत्त्यावर वळवते आणि मूळ पत्ता विषयाच्या सुरुवातीला जोडते, म्हणजे टेस्टरला दिसतं की हा कोणाला जाणार होता.

वळवताना सीसी आणि बीसीसी विसरू नका. टू बदलला आणि सीसी तसाच राहिला, हे कोड रिव्ह्यूमध्ये मुद्दाम शोधायची गोष्ट आहे.

सेटिंग प्रोसिजरच्या सुरुवातीला एकदाच व्हेरिएबलमध्ये घ्या. स्केलर फंक्शन (एकच किंमत परत देणारं) करून ते क्वेरीच्या व्हेअरमध्ये वापरायचा मोह होतो, पण २०१९ च्या आधीच्या व्हर्जनमध्ये असं फंक्शन प्रत्येक ओळीसाठी वेगळं चालू शकतं, लाखभर ओळी असतील तर प्रोसिजर रांगायला लागेल, आणि मग लोक म्हणतील प्रॉडवरच स्लो का.

जिथे जमेल तिथे इफच नको

इफ लिहिला की एक गोष्ट होते जिचा विचार कमी लोक करतात: प्रॉडची फांदी (इफमधला फक्त प्रॉडसाठीचा भाग) टेस्टवर कधीच चालत नाही. म्हणजे जे कोड सगळ्यात जास्त तपासायला हवं तेच पहिल्यांदा प्रॉडवरच चालणार. म्हणून फांदी जितकी छोटी तितकं बरं, आणि फांदीच नसेल तर उत्तमच. हे जमतं, कारण एसक्यूएल सर्व्हरमध्ये काही गोष्टी मुळातच सर्व्हरच्या मालकीच्या आहेत. डेटाबेस मेलचे प्रोफाइल एमएसडीबीमध्ये असतात, लिंक्ड सर्व्हर (दुसऱ्या सर्व्हरकडे जायच्या जोडण्या) मास्टरमध्ये नोंदलेले असतात, एजंटचे (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सर्व्हिसचे) जॉब पुन्हा एमएसडीबीमध्ये, आणि एमएसडीबी व मास्टर हे सर्व्हरचे स्वतःचे डेटाबेस आहेत. तुमचा डेटाबेस रिस्टोअर केला तरी यातलं काहीच सोबत येत नाही.

मग असं करा: मेल प्रोफाइलचं नाव दोन्ही सर्व्हरवर सारखंच ठेवा, प्रॉडवर ते खऱ्या मेल सर्व्हरकडे जातं आणि टेस्टवर अशा मेल सर्व्हरकडे जो सगळे मेल पकडून ठेवतो, बाहेर काहीच सोडत नाही. प्रोसिजर अक्षर न बदलता दोन्हीकडे तीच, आणि टेस्टवर खरा रस्ता पूर्ण चालून बघता येतो.

लिंक्ड सर्व्हरचंही तसंच. नाव कामावरून द्या, मशीनवरून नको, म्हणजे पेमेंट किंवा रिपोर्ट असं, आणि प्रत्येक सर्व्हरवर त्या नावाचा डेटा सोर्स आपापल्या मशीनकडे वळवा. मॅनेजमेंट स्टुडिओमध्ये हे करताना सर्व्हर टाइप म्हणून एसक्यूएल सर्व्हर निवडलं तर टाकलेलं नाव हेच मशीनचं नाव धरलं जातं, म्हणून अदर डेटा सोर्स निवडा आणि डेटा सोर्सच्या खान्यात खरं मशीन लिहा.

सिनोनिम (टेबल किंवा प्रोसिजरला दिलेलं दुसरं नाव) एसक्यूएल सर्व्हर २००५ पासून आहेत आणि खूप लोक याच कामासाठी वापरतात. प्रोसिजरमध्ये सिनोनिमचं नाव, आणि सिनोनिम टेस्टवर एकीकडे तर प्रॉडवर दुसरीकडे. चांगलंच आहे, फक्त सिनोनिम डेटाबेसच्या आत राहतं, त्यामुळे रिस्टोअर झाल्यावर टेस्टमधलं सिनोनिम प्रॉडच्या जागेकडे बोट दाखवत बसतं. सिनोनिमने लिंक्ड सर्व्हरच्या कामावरून दिलेल्या नावाकडे बोट दाखवलं तर हा त्रास नाही, नाहीतर रिस्टोअरनंतरच्या स्क्रिप्टमध्ये सिनोनिम पुन्हा बनवा.

रिस्टोअरनंतरची स्क्रिप्ट

ही हवीच, वरचं सगळं केलं तरी. रिस्टोअर करताना रिस्ट्रिक्टेड_युजर हा ऑप्शन द्या, म्हणजे डीबी ओनर, डीबी क्रिएटर आणि सिसॲडमिन सोडून कोणी आत येत नाही. मग स्क्रिप्ट चालवा जी ग्राहकांचे मेल पत्ते आणि फोन नंबर बदलते, रांगेत अडकलेले न पाठवलेले मेसेज पुसते, सिनोनिम ठीक करते. आणि मग डेटाबेस मल्टी_युजर, म्हणजे पुन्हा सगळ्यांना खुला, करा. मेल पत्ते बदलताना मनाने कुठलंही डोमेन टाकू नका, ते खरंच कोणाचं तरी असू शकतं. आरएफसी २६०६ ने (इंटरनेटच्या नियमांच्या एका दस्तऐवजाने) १९९९ मध्ये डॉट इनव्हॅलिड आणि डॉट टेस्ट ही नावं अशाच कामासाठी राखून ठेवली आहेत, ती वापरा.

याशिवाय टेस्ट सर्व्हरच्या सर्व्हिस अकाउंटला प्रॉडवर कुठलीच परवानगी नको, आणि नेटवर्कवाल्यांना सांगून टेस्टवरून बाहेरचा मेलचा पोर्ट बंद करून घ्या. प्रोसिजर कितीही चुकली तरी मग मेल बाहेर पडत नाही.

बाकीच्या डेटाबेसवर

पोस्टग्रेसमध्ये ऑल्टर डेटाबेस सेट वापरून नावात टिंब असलेलं स्वतःचं सेटिंग ठेवता येतं, आणि फंक्शनमध्ये करंट_सेटिंगने वाचता येतं, ९.६ पासून दुसरा पॅरामीटर ट्रू दिला तर सेटिंग नसताना एरर न येता नल येतो. साध्या पीजी_डंपमध्ये (पोस्टग्रेसच्या बॅकअप काढायच्या साधनात) हे सेटिंग येत नाही हे आपल्या फायद्याचं, पण ११ पासून क्रिएट ऑप्शन दिला तर येतं, म्हणून डंप कोण कसा घेतंय ते बघा. आणि असं सेटिंग कुठलाही युजर आपल्या सेशनमध्ये बदलू शकतो, तेव्हा सुरक्षेसाठी त्यावर विसंबू नका.

ओरॅकलमध्ये सिस_कॉन्टेक्स्टला युजरएन्व्हमधून डीबी_नेम विचारता येतं. १०जी रिलीज २ पासून कंडिशनल कंपायलेशनही आहे, ज्यात फ्लॅगप्रमाणे कोडचा तुकडा कंपाइलच होत नाही. डीबग लॉगसाठी छान आहे, पण टेस्ट आणि प्रॉडचा फरक त्यातून करू नका असं मी म्हणेन, कारण मग जे तपासलं आणि जे चाललं ते दोन वेगळे कोड होतात. मायएसक्यूएलमध्ये @@होस्टनेम आहे, पण वर सर्व्हरच्या नावाबद्दल जे म्हटलं ते तिथेही लागू, तिथेही वेगळ्या स्कीमातलं सेटिंग टेबल बरं, फक्त ती स्कीमा डंपमधून वगळायची.

शेवटची पायरी: तपासा

आधी दोन्हीकडची प्रोसिजर खरंच एक आहे का ते बघा. सिस डॉट एसक्यूएल_मॉड्यूल्समध्ये डेफिनिशन मिळते, हॅशबाइट्सने तिचा हॅश (मजकूर बदलला की बदलणारी छोटी खूण) काढा आणि दोन सर्व्हरचे हॅश शेजारी ठेवा. २०१६ च्या आधी हॅशबाइट्सला ८००० बाइटची मर्यादा होती, तिथे लांब प्रोसिजरसाठी स्क्रिप्ट काढून फाइल तुलना करा. हॅश वेगळे आले तर कोणीतरी प्रॉडवर थेट बदल केलाय, आधी ते शोधा.

युनिट टेस्ट लिहायच्या असतील तर एसक्यूएल सर्व्हरसाठी टीएसक्यूएलटी आहे, त्यातलं स्पायप्रोसिजर मेलच्या प्रोसिजरच्या जागी तात्पुरती नकली प्रोसिजर बसवतं आणि तिला कुठले पॅरामीटर मिळाले ते टेबलमध्ये लिहून ठेवतं, म्हणजे मेल न पाठवता कोणाला गेला असता ते तपासता येतं. पोस्टग्रेसला पीजीटॅप, ओरॅकलला यूटीपीएलएसक्यूएल.

मग टेस्टवर हाताने तीन गोष्टी करून बघा. सेटिंगमध्ये मेल बंद ठेवून प्रोसिजर चालवा, सगळे मेल वळलेले दिसले पाहिजेत, सीसीसकट. मग मेल चालू करून चालवा, आता ते मूळ पत्त्यांसाठी पकडणाऱ्या मेल सर्व्हरवर दिसले पाहिजेत, आणि हीच प्रॉडची फांदी, जी आता प्रॉडच्या आधी चालून झाली. मग सेटिंगची ओळ पुसून टाका आणि पुन्हा चालवा. एरर येऊन जॉब थांबला आणि एकही मेल निघाला नाही तर ओळ परत टाका आणि कोड पुढे जाऊ द्या. थांबला नाही तर अट कुठे चुकीच्या बाजूने लिहिलेली राहिलीय ते शोधेपर्यंत प्रॉडला पाठवू नका.